तीन रंगांचा हापसा

मैंदर्गीजवळच्या एका गावात, शाळेच्या आवारात मी उभा आहे. मी एक जुना हापसा. माझ्या अंगावर रंगाचे तीन थर आहेत. खाली निळा, मध्ये लाल, वर पुन्हा निळा. मित्रांनो, माझी गोष्ट या थरांची आहे.

काळ्या खडकात दोनशे दहा फूट भोक पाडून मला बसवले. खर्च गावच्या देसाईंनी केला. त्याआधी लोक ओढ्याकाठच्या विहिरीचे पाणी पीत आणि दर पावसाळ्यात एखादे मूल जुलाबाने दगावे. माझे पाणी गार आणि नितळ होते. देसाईंची मुलगी वैजयंतीबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. विहिरीचे नको, हापशाचेच पाणी प्या, असे त्या प्रत्येक वर्गाला सांगत. जुलाब थांबले. मला फार अभिमान वाटायचा.

वीस वर्षांनी, मुख्याध्यापिका झाल्यावर, बाईंना मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसू लागले. त्यांनी माझे पाणी बाटलीत भरून तपासायला सोलापूरला नेले. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असू नये. माझ्यात तीनच्या वर निघाले. ते खडकातून येत होते. वाढत्या वयातले दात त्याने डागाळतात आणि वर्षानुवर्षे प्यायल्यास हाडे वाकतात. डोळ्यांना दिसत नव्हते, उकळून जात नव्हते.

गावात नळ आणायचा म्हणून बाई निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि सरपंच झाल्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी, हे पाणी पिऊ नये याची खूण म्हणून, मला लाल रंग दिला आणि माझे हँडल काढून नेले. नळयोजना मात्र मंजुरीतच अडकली. बायका दोन किलोमीटरवरून घागरी आणू लागल्या. तिसऱ्या उन्हाळ्यात बाईंवर अविश्वासाचा ठराव आला.

ग्रामसभा माझ्यासमोरच भरली. कंबरेत वाकलेली पार्वतम्मा काठी टेकत पुढे आली.

"अक्का, तुज्या बापानं पुण्य केलं, अन् तू त्याला लाल रंग फासलास की."

उपसरपंच चन्नप्पा बाईंचाच जुना विद्यार्थी. तो हसला तेव्हा त्याच्याही दातांवरचे पट्टे दिसले.

"बाई, हेच पाणी प्या म्हणून तुमीच शिकवलं की. तवाचं खरं का आताचं?"

बाई खुर्चीतून उठल्या.

"तेव्हा मी चुकीचं शिकवलं, चन्नप्पा."

लोक कुजबुजले. एकदा चुकलेली बाई आताही चुकत असणार, असे म्हणत हात वर होऊ लागले. हजेरी घ्यावी तसे बाईंनी एकेकाकडे पाहिले. बहुतेक जण त्यांच्याच वर्गातले होते.

बाईंचे सरपंचपद गेले आणि आठवड्याभरात माझे हँडल परत बसले. निळा रंग लागला, नारळ फुटला. इतके कौतुक माझे कधीच झाले नव्हते.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा. मी उलटे मागतो. मला तेल घालू नका. मला गंजू द्या.

आत्ता पार्वतम्माची सून हापसते आहे. तिची लहान मुलगी ओंजळ धरून खाली बसली आहे. त्या मुलीचे पक्के दात अजून हिरडीतच घडत आहेत. मला नको म्हणता येत नाही. हँडल खाली जाते आणि पाणी येते, गार आणि नितळ.