उघडून बघितलेला कॅमेरा

गुणाजीने कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. आत फिल्म होती. नौपाड्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून बाराचं ऊन नुसतं सांडत होतं आणि त्या उन्हात ती करडी पट्टी उघडी पडली होती. त्याने झाकण फाडकन मिटलं. फार तर दोन क्षण गेले असतील. पण वीस वर्षं डार्करूममध्ये काढलेल्या माणसाला दोन क्षणांत काय होतं ते सांगावं लागत नाही.

"भाऊ," तो कसाबसा म्हणाला, "आत रोल हाय."

हरिहर कारखानीस, ज्यांना सगळी इमारत भाऊ म्हणे, समोरच्या खुर्चीत बसले होते. पाच मिनिटांपूर्वी त्यांनीच कॅमेरा त्याच्या हातात दिला होता आणि आत काही नाही म्हणून सांगितलं होतं. ते उठले, परत बसले.

"त्यात सरोज आहे," ते म्हणाले.

गुणाजी चेंदणी कोळीवाड्यातला. टेंभी नाक्याजवळच्या एका स्टुडिओत त्याने लोकांची लग्नं, मुंजी, बारशी धुवून काढली, पण मालकाने त्याला कॅमेऱ्याला कधी बोट लावू दिलं नाही. आता सेहेचाळिसाव्या वर्षी त्याने ठरवलं होतं की स्वतःचा कॅमेरा घ्यायचा आणि स्वतःच्या नावाने चार लग्नं करायची. नव्या जपानी एसएलआरची किंमत फोर्टातल्या दुकानात ऐकूनच तो पायरी उतरला होता. कल्याणला एक रशियन कॅमेरा मिळत होता, दणकट आणि स्वस्त, पण त्याचं शटर दर चौथ्या फोटोला अडकायचं. मग बायकोने, जनीने, हा पत्ता आणला. नौपाड्यात दारोदार मासळीची पाटी फिरवणारी ती. कारखानीस तिचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या बाई गेल्या, कॅमेरा विकायचा आहे, जपानी आहे आणि परवडेल, एवढं तिने सांगितलं आणि गुणाजी दोन रात्री झोपला नाही.

उघडून बघणं तर त्याच्या हाडीमाशी होतं. कल्ला उचलून आत लाल दिसल्याशिवाय मासा घेऊ नये, हे कोळ्याच्या पोराला बोलायला यायच्या आधी कळतं. जुना कॅमेराही तो तसाच उघडायचा आणि उजेडाकडे धरून शटर बघायचा. त्याआधी रोल गुंडाळायची चावी फिरवून पाहायची, जड लागली तर आत फिल्म आहे, हे त्यानेच किती जणांना शिकवलं होतं. पण स्वतःचा पहिला कॅमेरा हातात आला की शहाणपण शेण खायला जातं. तसंच झालं.

भाऊंनी तुटक तुटक सांगितलं. कॅमेरा त्यांच्या पत्नीचा, सरोजबाईंचा. शाळेत चित्रकला शिकवायच्या त्या. फोटो नेहमी त्याच काढायच्या, म्हणून त्या स्वतः कुठल्याच फोटोत नव्हत्या. शेवटी इस्पितळातून घरी आणल्यावर पंधरा दिवस मिळाले, तेव्हा भाऊंनी गॅलरीत बसवून त्यांचे दहाबारा फोटो काढले. तो रोल पुढे सापडेना. भाऊंना वाटलं, मुलगी नीला पुण्याला घेऊन गेली. नीलाला वाटलं, भाऊंनी धुवायला टाकला. आठ महिने दोन्ही घरं उलटीपालटी केली होती. काखेत कळसा म्हणतात तो असा.

"काय वाचेल?" भाऊंनी विचारलं.

गुणाजीला खोटं बोलता आलं असतं.

"पयले काढलेले वाचतील. शेवटचे वरच्या वेढ्याला र्‍हातात, भाऊ. ऊन आधी त्यांनाच लागतं."

"शेवटचेच हवे होते," भाऊ म्हणाले. आवाज चढला नाही, आणि तेच गुणाजीला सोसेना.

कॅमेरा सदऱ्याखाली धरून तो स्टुडिओपर्यंत जवळजवळ पळत गेला. फिल्म धुतली, दिव्यासमोर धरली. शेवटच्या बारा चौकटी काळ्याठिक्कर. ना गॅलरी, ना खुर्ची, ना माणूस. गुणाजी स्टुलावर बसला आणि रडला. वीस वर्षांत त्याच्या हातून एक रोल बिघडला नव्हता.

आतल्या वेढ्यावरच्या मात्र वाचल्या होत्या. गणपतीची आरास, नीलाची छोकरी, कठड्यावरची मांजर. आणि अगदी पहिल्या चौकटीत, त्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना, जनी होती. दारात पाटी उतरवून, दोन्ही हातांनी जिताडा पुढे धरून हसत होती. लग्नानंतर तिचा एकही फोटो निघाला नव्हता. डाव्या कोपऱ्यातून एका बाईचा हात आत आला होता, किंचित पुसट, मनगटात दोन बांगड्या. त्या हाताचा अंगठा माशाचा कल्ला उचलून बघत होता.

हा एकच फोटो त्याने मोठा केला. दुसऱ्या दिवशी सगळे घेऊन तो भाऊंकडे गेला. कॅमेरा टेबलावर ठेवला आणि शेजारी जमवलेले पैसेही ठेवले. आपल्याला आता कॅमेरा नको, पैसे मात्र राहू देत, असं काहीतरी तो पुटपुटला.

भाऊंनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते त्या मोठ्या फोटोपाशी थांबले होते.

"काळे झाले ते मी काढलेले," ते म्हणाले. "हा तिने काढलाय. एका हातात कॅमेरा आणि दुसरा माशात. उघडून बघितल्याशिवाय घ्यायची नाही कधी. जनी चिडायची."

"चिडायची," गुणाजी म्हणाला.

"मग तू तरी वेगळं काय केलंस?" त्यांनी कॅमेरा त्याच्याकडे सरकवला. "घेऊन जा. जनीचे काढ."

गुणाजीचा हात कॅमेऱ्यापर्यंत जाईना. भाऊंनी आपला अंगठा फोटोतल्या त्या अंगठ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. बाजूला जनी तेवढी हसत होती.