राघोचं पथ्य

राघोच्या रक्ताचा रिपोर्ट आला, तेव्हा मुलानं, प्रणितनं, तो मोबाइलवर वाचून दाखवला. रक्त कमी आणि प्रोटीन वाढलेलं. भाईंदरच्या डॉक्टरांनी रक्ताच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायला बजावलं होतं. पण प्रोटीन हा शब्द कानावर पडला आणि राघोच्या बायकोला, सत्यवतीला, सगळं लख्ख कळलं. पाली गावच्या कोळ्याच्या अंगात प्रोटीन येणार कुठून? म्हावऱ्यातूनच की! त्याला मोठा डॉक्टर कशाला, चूल तिच्याच ताब्यात होती.

त्या दिवसापासून राघोचं म्हावरं बंद झालं. जन्मभर मासळी विकलेली ही बाई नवऱ्यापुढे दुधी आणि भाकरी ठेवू लागली. तो आधी हसला, मग चिडला, मग लहान मुलासारखा मागायला लागला. घरात कालवण शिजायचं तेव्हा ती त्याला ओटीवर बसवायची. एकदा तो भावाकडे गुपचूप जेवून आला, तर तिनं जावेशी कडाक्याचं भांडण केलं आणि बोलणंच टाकलं. त्याची पाठ ठणकायची. होडी ओढून ओढून दुखते, म्हणून ती तेल चोळायची. तो वाळत चालला तशी ती आणखी कडक झाली, पथ्य लागू पडतंय म्हणून मनातून खूशही झाली. असल्या शहाणपणाला काय म्हणावं!

वर्षभरानं नुसतं वाकायचं निमित्त झालं आणि राघोचा मणका मोडला. आता मोठा डॉक्टर गाठावाच लागला. त्यानं शांतपणे समजावलं. हे प्रोटीन खाण्यातून येत नाही. हाडांच्या आतल्या मगजात काही पेशी बिघडल्यात, त्या ते बनवत सुटल्यात आणि हाडंही पोखरतायत. तेव्हाच आला असतात तर हाडं बरीच वाचली असती.

"म्हंजे म्हावऱ्यानं काय झालं न्हाय?" सत्यवतीनं विचारलं.

"काहीच नाही. उलट अंगात थोडी ताकद राहिली असती."

औषधं सुरू झाली, राघोच्या तोंडाची चव गेली. सत्यवतीनं ताजे बोंबील आणून त्याच्या आवडीचं कालवण केलं आणि घास कालवून त्याच्या तोंडापाशी नेला. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आता नको. कावल्याला ठेवशील तवा ठेव."

तिला रडूसुद्धा आलं नाही. कालवण मनगटावरून ओघळत होतं, तरी तिला हात खाली घेववेना.