वीतभर

"दोन घोडे मावतील एवढा मागे होता सुलतान. खांबाच्या अलीकडे." जोनासने तिसऱ्यांदा सांगितलं.

पंच लँगटन टोपीने वारा घेत होते. "नीट आठव, जोनास. ऊन डोळ्यांवर असेल तुझ्या."

"ऊन पाठीवर होतं, साहेब."

माळावरच्या या शर्यतीला चार-चार मैलांच्या तीन फेऱ्या असत. पहिला घोडा विजयखांबाला पोचला की तिथलं निशाण पडे, आणि त्या क्षणी जो घोडा अडीचशे पावलं अलीकडचा हा दुसरा खांब ओलांडून गेला नसेल, तो बाद. बाद कोण, हे सांगायचं काम जोनास रेस्ट्रिकचं. एरवी तो यॉर्कशायरच्या शेतांना दगडी कुंपणं रचून पोट भरणारा माणूस. पण मे महिन्यातला हा एक दिवस त्याच्या शब्दापुढे जमीनदारांचंही चालत नाही, असं तो बिचारा एकतीस वर्षं समजून चालला होता.

त्या शब्दापायी त्याने घरचं माणूस गमावलं होतं. नऊ वर्षांपूर्वी धाकट्या भावाची, सेथची, तांबडी घोडी नॅन पहिली फेरी जिंकली आणि दुसरीत अडखळली. निशाण पडलं तेव्हा तिचं नाक खांबापासून वीतभर अलीकडे होतं. पाहणारा जोनास एकटाच.

"वीतभरच ना रे दादा?" सेथ काकुळतीला आला होता. आई मेलेलं ते शिंगरू त्याने स्वतःच्या हाताने दूध पाजून वाढवलं होतं.

"खांब म्हणजे खांब," जोनास म्हणाला होता.

तेव्हापासून सेथने बोलणं टाकलं. आईला मूठमाती देतानाही तो खड्ड्याच्या पलीकडे उभा राहिला. जोनास आतून तुटला, पण आपलं चुकलं असं त्याला कधी वाटलं नाही. नियम सगळ्यांना सारखा, एवढ्या एका आधारावर त्याने नऊ वर्षं काढली होती.

आज मागे राहिलेला घोडा, सुलतान, सर हम्फ्रींचा होता. माळ त्यांचा, चषक त्यांचा, बिअरची पिंपंही त्यांचीच. ते हसत पुढे आले.

"एवढं काय मनावर घेतोस, बाबा? लोक घोडे बघायला आलेत, खांब नाही!"

लँगटननी हात उंचावला. "सुलतान शर्यतीत आहे!"

टोप्या उडाल्या. नॅनच्या वेळी जोनासच्या न्यायाची वाहवा करणारे हेच लोक होते.

"मग माझा शब्द?" जोनासने विचारलं.

"ऐकला की आम्ही," लँगटन म्हणाले आणि वळले.

गर्दी अडवणाऱ्या दोरापाशी उभा असलेला सेथ सावकाश जवळ आला. खांबावर हात ठेवून त्याने भावाकडे पाहिलं.

"नॅनसाठी वीतभर सरकला नाही हा, दादा. आज दोन घोडे सरकला."

सेथ गर्दीत निघून गेला.

तिसऱ्या फेरीचं शिंग वाजलं. जोनास पुन्हा आपल्या खांबापाशी उभा राहिला. दुसरीकडे कुठे उभं राहायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं. सुलतान जिंकला. कोण बाद झालं, हे विचारायला त्याच्याकडे कुणी आलं नाही.

माळ रिकामा झाल्यावर तो गुडघ्यांवर बसला. खांबाच्या बुडाशी अंगठा टेकवून त्याने तुडवलेल्या गवतावर एक वीत मोजली आणि हात तसाच ठेवून बराच वेळ बसून राहिला.