हायमचा नवस

आमच्या हायमला चौसष्टाव्या वर्षी निसर्ग दिसला. पनवेलच्या गॅलरीत कबूतर बसलं तरी चप्पल फेकणारा हा माणूस एक दिवस म्हणतो, "शुला, कोकण एकदा डोळे भरून बघू या. डॉल्फिन, गरुड, सगळं!" लगेच दुर्बीण घेतली, नुसते खिसेच खिसे असलेलं जाकीट घेतलं. गाडी मात्र मी चालवायची, कारण साहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.

कोकण बघायचं खरं कारण मला ठाऊक होतं. आमचा मुलगा एयाल इस्रायलला असतो. पनवेलचा फ्लॅट विकून आम्ही कायमचं तिकडे यावं, असा बापलेकांचा वर्षभर धोशा. मला जायचं नाही. का, म्हणून विचारू नका. स्वतःच्या घरात राहायला कारण लागत नाही. तरी मी शब्द दिला होता, सहलीहून परतल्यावर काय ते एकदाच सांगते, तोवर विषय काढायचा नाही.

पळस्पे सोडलं आणि याचं सुरू झालं. "गरुड! शुला, गरुड!" घार होती. वडखळ येईपर्यंत सहा गरुड झाले, सहाही घारी. रेवदंड्याच्या पुलावर गाडी थांबवायला लावली. मागे एसटीवाला शिव्या घालतोय आणि हा मला फ्लेमिंगो दाखवतोय. बगळे होते मेले, साधे बगळे! काशीदला माकडानं हातातली केळी हिसकावली, तर हा शूर शिकारी माझ्याच मागे लपला. मुरुडला होडीतून डॉल्फिन बघायला गेलो. ते खरंच आले, दोन काळ्याभोर पाठी वर निघाल्या आणि गेल्या. अख्खी होडी बघत होती, हा मान खाली घालून मोबाइलशी खटपट करत होता. मग दिवसभर मलाच सांगतोय, डॉल्फिन कसे दिसले ते. वा रे वा!

फणसाडच्या जंगलात तेवढा एकदा गप्प बसला. वर फांदीवर शेकरू होतं, शेपटी खाली सोडून निवांत फळ कुरतडत बसलेलं. दहा मिनिटं आम्ही दोघं नुसते बघत उभे होतो. त्यानं हळूच माझा हात धरला. मला वाटलं, आता याचाही पाय इथून निघणार नाही. बावळट मी, दुसरं काय!

येताना अलिबागजवळ खंडाळ्याला थांबायचं ठरलं होतं. तिथं आम्हा बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, खडक आहे. स्वर्गात जाताना आमच्या प्रेषिताच्या, एलियाहू हनाबींच्या, रथाची खूण त्यावर उमटली, असं आम्ही मानतो. तिथं नवसाचा मलिदा करतात, म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. "सहल सुखरूप झाली म्हणून करू या," हायम म्हणाला होता. मी पहाटे उठून लॉजवर नारळ खवला.

ताट घेऊन चाललो होतो, तर तिथं गुरं राखणाऱ्या काळूराममामांनी हाक मारली, "नवस बोलायला आलाव का फेडायला?"

"फेडायला," हायम बोलून गेला.

"कुठला नवस?" मी विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. माझ्याशी हा बिनदिक्कत खोटं बोलतो, पण त्या खडकासमोर याची जीभ रेटेना. "फ्लॅटला चांगलं गिऱ्हाईक मिळालं तर मलिदा करीन, असं बोललो होतो. मिळालं. सौदा ठरलाय, फक्त तुझी सही राहिलीय."

"कधी ठरला?"

"निघायच्या आधी."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे ते गरुड, ते डॉल्फिन, सगळं माझी सही मिळवायला! शेकरू बघताना धरलेला हातसुद्धा! आणि माझंच घर विकल्याचा मलिदा मीच पहाटे उठून कालवलेला. शी!

ताट खाली ठेवलं, डोक्यावर ओढणी घेतली आणि काळूराममामांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "एलियाहू हनाबी, हा सौदा मोडू दे, माझं घर राहू दे. दरवर्षी इथं येऊन मलिदा करीन."

"शुला, नको गं! नवस नको बोलूस!" हायम पांढराफटक पडला.

सहीसाठी तो जन्मभर माझ्या मागे लागला असता, पण बोललेल्या नवसाच्या आड यायची त्याची छाती नव्हती. मी जिंकले होते. मजा वाटली, खोटं कशाला सांगू?

"आता कळव तुझ्या लेकाला," मी म्हटलं. "आणि एवढी हौस असेल तर जा एकटा. अंडं उकडता येत नाही, म्हणे इस्रायलला जातोय!"

मला वाटलं, भांडेल, रडेल, पाया पडेल. तो खाली बसला. ताटातले चिमूटभर पोहे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिला.

"बरं," तो म्हणाला. "जातो मी."

बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं 'बरं' म्हटलं आणि केलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं.