तपासणीचा कागद

माहेरी सांबऱ्याला आलेल्या अंजनानं सगळ्यांची जेवणं होऊ दिली, मग बोचक्यातून खण-नारळ काढून आईपुढं ठेवला.

"कशाला गं ह्यो?" शालूबाईंनी विचारलं.

"सासूनं धाडलंय. मालूला सवत म्हणून मागून आण म्हणाली."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. अशा वेळी थोरल्या बायकोनंच धाकटीला मागून आणायची त्या घरची रीत होती. म्हणजे मग अन्याय झाला असं कुणी म्हणायला नको. अंजनाची सोळा वर्षांची धाकटी बहीण मालू भांडी घासायची थांबली.

वडील भरमाआप्पा हळूच म्हणाले, "घरातली पोर हाय. परकी आली तर तुला हाकलून काढंल, पोरी."

हे पटावं इतकी अंजना थकली होती. निपाणीच्या दवाखान्यात तीन वर्षांत तीनदा तिची पिशवी धुतली होती, म्हणजे गर्भाशय खरवडलं होतं. नवरा सत्याप्पा बाहेर विडी ओढत बसे. गेल्या आठवड्यात चौथ्यांदा नेलं, तेव्हा नव्या डॉक्टरीणबाई जुने कागद वाचून म्हणाल्या, "हिच्यात दोष दिसत नाही. आता नवऱ्याला तपासू. पुष्कळदा दोष पुरुषात असतो, हे संशोधनात दिसून आलंय. सुई नाही, कापणं नाही."

"मला तपासतासा? मी काय बाई हाय व्हय?" सत्याप्पा उठून चालू लागला.

सासू शेवंताबाई म्हणाल्या, "ल्योक माझा बैलासारखा हाय! हिचीच पिशवी परत धुवा."

डॉक्टरीणबाईंनी नकार दिला. म्हणून हा खण-नारळ.

"आप्पा, मी आलो, पर मागणार न्हाय," अंजना म्हणाली. "तपासणीचा कागद दावल्याबिगर मालूला दिऊ नका."

"जावयाला असलं इचारायचं? लोक तोंडात शेण घालतील."

"मला तीनदा उताणं पाडलं, तवा कुनाला लाज वाटली न्हाय."

शालूबाई म्हणाल्या, "मालू द्यायची न्हाय. आनि तू बी जाऊ नगंस."

हे १९७९ साली घडलं. पुढच्या उन्हाळ्यात सत्याप्पाला दुसऱ्या गावची मुलगी मिळाली. पहिली बायको असताना दुसरं लग्न हा गुन्हा. मांडवात कुणी बोललं नाही. लोक जेवून गेले, त्यांत आपल्यासारखे शिकलेलेही होते. नवऱ्या मुलाला काही विचारता येतं, हेसुद्धा त्या मुलीला कुणी सांगितलं नाही.