साडेआठ ते साडेतीन

क्लिफर्डने चपलेच्या टाचेने डब्यावर तिसरा फटका हाणला, तेव्हा मागचं दार ढकलून एडिथ आत आली. त्या गल्लीत शेजाऱ्यांनी दार वाजवायची पद्धत नव्हती, आणि दोन घरांमधली भिंतही तशी नावापुरतीच होती.

“कुणाला बडवतोयस?”

“हे मेलं बिघडलंय.”

डबा बॉयलरशेजारच्या कपाटात होता. तळहाताएवढा, पांढरा, त्यावर मनगटी घड्याळासारखी काच आणि चार बटणं. घर केव्हा तापवायचं आणि केव्हा थांबायचं, ते हा डबा बॉयलरला सांगायचा, आणि डब्याला काय सांगायचं ते मेव्हिस ठरवायची. हॅलिफॅक्सच्या डेपोत चाळीस वर्षं बसची इंजिनं खोलून पुन्हा बसवणाऱ्या क्लिफर्डने त्याला कधी बोट लावलं नव्हतं. बायकोच्या खात्यात आपण नाक खुपसत नाही, असं तो मोठ्या ऐटीत म्हणायचा. मार्चमध्ये मेव्हिसच्या छातीत कफ साठला आणि आठवड्याभरात ती गेली. उन्हाळा कसाबसा निभावला. थंडी पडली आणि साहेबांची पाचावर धारण बसली.

लेक हिलरी ऑक्टोबरच्या शेवटी लीड्सहून अचानक आली होती. भर दुपारी बाप टोपी घालून, दोन ब्लँकेटं गुंडाळून खुर्चीत बसलेला, ओठ निळे पडलेले. ती भांडली नाही. आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात तिने त्याचं नाव घातलं आणि फोनवर सांगितलं की नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ती पुन्हा येईल, आणि घर असंच गारठलेलं दिसलं तर बॅग भरायची. तो शनिवार परवावर येऊन ठेपला होता. लग्न झाल्यापासून क्लिफर्ड याच घरात राहत होता आणि इथूनच चार खांद्यांवर बाहेर पडायचं त्याने ठरवलं होतं.

यंत्राचा रोगही विचित्र होता. सकाळी घर छान ऊबदार असायचं. साडेआठनंतर भिंतींवरचे रेडिएटर निवायला लागायचे, ते साडेतीनपर्यंत मढ्यासारखे गार. रविवारी मात्र यंत्राला सुबुद्धी व्हायची आणि ते रात्रीपर्यंत अखंड चालायचं. मेव्हिस होती तेव्हा घर एकदाही गार पडलं नव्हतं, हे तो एडिथला दोनदा सांगून चुकला.

“नाचता येईना अंगण वाकडं,” एडिथ म्हणाली आणि तिने चष्मा नाकावर चढवला. “सरक. माझ्याकडे हाच डबा आहे.”

तिने बाजूचं बटण दाबून धरलं. काचेवर आकडे आले. सोमवार, सहा वाजता चालू. पुन्हा दाबलं. साडेआठला बंद. पुन्हा. साडेतीनला चालू, दहाला बंद. मंगळवारही तसाच, बुधवारही तसाच, थेट शनिवारपर्यंत. रविवारी सहाला चालू, दहाला बंद, मधे काही नाही.

“बिघडलेलं नाही,” एडिथ म्हणाली. “सांगितलंय तेवढं करतंय.”

क्लिफर्ड त्या आकड्यांकडे बघत राहिला. कामावरून निवृत्त झाल्यापासून तो रोज पावणेनऊला क्लबात डॉमिनो खेळायला जायचा आणि चारच्या ठोक्याला परत यायचा. रविवारी क्लब बंद. बॉयलर थांबल्यावरही रेडिएटर पंधरा-वीस मिनिटं हाताला गरम लागतात. म्हणजे तो बाहेर पडायचा तेव्हा घर ऊबदार असायचं, परत यायचा तेव्हाही ऊबदारच. तिच्या जाण्यानंतर क्लबात पाऊल टाकवेना, कारण तिथे सगळे त्याच्याशी आवाज खाली आणून बोलायचे. म्हणून या वर्षी तो पहिल्यांदाच दुपारी घरी होता.

“मी नसताना बंद ठेवायची?” तो म्हणाला. “आणि ती कुठे असायची?”

“इथेच. कधी तासभर माझ्याकडे. माझ्या हातचा चहा बरा असतो म्हणायची. बरा कसला, मला माहीत नाही का माझा चहा!”

“पण मी तिला कधी बंद कर म्हणालो नाही, एडिथ.”

“तुला म्हणावं लागलंच नाही.”

त्याला कळलं ती कशाबद्दल बोलते आहे. खूप वर्षांपूर्वी चष्मा विसरला म्हणून तो दुपारी घरी परतला होता. दिवाणखाना भट्टीसारखा तापलेला, आणि मेव्हिस एकटीच विणत बसलेली. तो तिला काहीच बोलला नाही. क्लबात जाऊन बोलला. आमची मेव्हिस घरी सोफा भाजते आहे, चार वाजता या, एकेक तुकडा देऊ. क्लब हसून लोळला. मग तो विनोद नाताळच्या जेवणाला आला, लेकीच्या लग्नात आला, आणि नंतर दर नाताळला टर्कीबरोबर येत राहिला. मेव्हिसही हसायची. सगळ्यांत आधी तीच हसायची.

तो स्टुलावर बसला. शरमेने त्याचे कान तापले होते. एडिथने त्याचं सांत्वन केलं नाही. तिने त्याला बटणं शिकवली, एकदा दाखवून आणि तीनदा त्याच्याकडून करून घेऊन. माणूस मुळात मेकॅनिक, त्याला पाऊण तास पुरला. जाताना एडिथ दारात थांबली.

“पोरीला काय सांगायचं ते तू ठरव,” ती म्हणाली. “मी तोंड उघडणार नाही.”

शनिवारी हिलरी आली, तिने कोट न काढताच आधी रेडिएटरवर हात ठेवला आणि मग हसली. घर सकाळपासून तापलेलं होतं. एडिथने आल्याचा केक आणला होता. तिघं चहाला बसली आणि दुसऱ्या कपाला हिलरीने सांगून टाकलं की सोमवारी ती वृद्धाश्रमातून नाव काढून घेते. क्लिफर्डने डोळे पुसले, ते खोटं नव्हतं.

“घरात कोट काढून बसलं की किती बरं वाटतं,” हिलरी म्हणाली. “आईच्या अंगात मात्र कायम कोट. मी दुपारी कधीही येऊ दे, म्हणायची आत्ताच बाजारातून आले. घडीभर एका जागी बसली नाही बाई.”

एडिथने कप खाली ठेवला आणि क्लिफर्डकडे पाहिलं.

“पण बाबा, मशीनला झालं काय होतं?”

आत्ता सांगायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. सांगितलं तर हिलरी नाव काढणार नाही, असंही नव्हतं. पण मग ती आज ज्या नजरेने बघत होती त्या नजरेने तिने पुन्हा कधी बघितलं नसतं, आणि त्याला त्याची वृद्धाश्रमापेक्षा जास्त भीती वाटली. त्याने केकचा तुकडा मोडला.

“मशीन चांगलंच आहे. तुझ्या आईनं वेळा चुकीच्या लावून ठेवल्या होत्या,” तो म्हणाला. “यंत्रं आणि आपली मेव्हिस, तुला माहीतच आहे.”

हिलरी खळखळून हसली. “बिचारी आई,” ती म्हणाली.

एडिथ उठली. तिचा केक तसाच राहिला होता. खुंटीवरचा कोट तिने अंगात चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली.

“मी निघते,” ती म्हणाली. “मला इथे फार उकडतंय.”

मागचं दार लागलं. हिलरीने गालाला हात लावून पाहिला आणि म्हणाली की खरंच जरा जास्तच होतंय, बाबांना कमी करता येतं का, बघू तरी. क्लिफर्ड उठला, कपाट उघडलं आणि पहिल्या झटक्यात बरोबर बटण दाबलं.

“वा,” हिलरी म्हणाली. “जमलं की तुला.”