तलावातलं हिरवं पाणी

केस्लर गावात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, डॅडच्या वेळचं. ते गेल्यावर रॉय आणि मी, दोघा भावंडांच्या नावावर झालं. रॉय गल्ल्यावर बसायचा, मी मागे रंग कालवायचे, किल्ल्या बनवायचे. दुकानाची पूर्वेची भिंत लांबलचक आणि कोरी होती. गावच्या सुशोभन समितीने हायस्कूलच्या पोरांकडून चित्र काढून घेण्यासाठी ती मागितली, तेव्हा रॉयच आनंदाने हो म्हणाला होता.

'आमचं गाव, आमचा अभिमान' असा विषय समितीने देऊन टाकला. अध्यक्षा मिसेस लिंडाल यांच्या डोळ्यांसमोर बीटाची शेतं होती, त्या बीटापासून साखर करणाऱ्या कारखान्याचं धुराडं होतं आणि भरपूर सूर्यफुलं. पण पोरांच्या घोळक्यात येसेनिया बारेला होती. बारावीत शिकणारी, कमी बोलणारी, आणि बोललीच तर समोरच्याला उत्तर सुचू न देणारी. ती म्हणाली, आधी म्हाताऱ्या माणसांना विचारू या, गावात काय काय होऊन गेलं ते.

तिची चुलतआजी युफेमिया. तिला सगळे तीया, म्हणजे मावशी, म्हणतात. तिने पोरांना विचारलं, "तुमच्या भिंतीसमोर ट्रक उभे राहतात ना, त्या डांबराखाली काय आहे माहितेय?"

डांबराखाली पोहण्याचा तलाव होता. तेवढं मलाही माहीत होतं. डॅड तरुणपणी उन्हाळ्यात तो तलाव सांभाळायचे. त्यांचा फाटकापाशी हातात किल्ल्या घेऊन उभा असलेला फोटो गल्ल्यामागे टांगलेला होता. तलाव गळायला लागला म्हणून बुजवला, असं ते आम्हाला सांगायचे.

"गळत बिळत काही नव्हता," तीया म्हणाली. "बीट खणणाऱ्या मेक्सिकन मजुरांची पोरं आम्ही. आम्हाला फक्त रविवारी संध्याकाळी आत सोडायचे, कारण सोमवारी सकाळी पाणी बदलायचे. मग वरून हुकूम आला की सगळ्यांना सगळे दिवस पोहू द्या. त्या उन्हाळ्यात गावाने तलावात माती भरली. आम्ही कुंपणाला धरून बघत होतो."

पोरांनी भिंतीवर तलाव काढला. कठड्यावरून उड्या मारणारी पोरं, काही अजून हवेतच, आणि फाटकाशी किल्ल्यांचा जुडगा घेतलेला एक टोपीवाला माणूस. पाणी निळंशार. येणारे-जाणारे थांबून कौतुक करायचे. मिसेस लिंडाल तर म्हणाल्या, "किती गोड. सूर्यफुलं नसली तरी चालतील."

मग एका शनिवारी येसेनिया तीयाला गाडीतून घेऊन आली. तीयाने काच खाली करून भिंत बघितली.

"पाणी निळं कशाला काढलंय गं?"

"तलावाचं पाणी निळंच असतं ना, तीया."

"गोऱ्या पोरांचं असेल. आमच्या वाट्याला यायचं तोवर हिरवं झालेलं असायचं. वर केस तरंगायचे."

येसेनिया तशीच आत आली. "मिस व्हर्ना, हिरवा रंग हवाय. घाण दिसेल असा."

मी हिरव्यात तपकिरी टाकला, मग थोडा काळा. डबा ढवळताना मनात एकच घोळत होतं. त्या पाण्यात पोरं सोडली होती, आणि सोडणारा माणूस रात्री घरी येऊन आमच्या आजीच्या टेबलावर जेवत होता.

पाणी हिरवं झालं आणि गावाला जाग आली. आता लोक थांबून विचारायला लागले. मिसेस लिंडाल दुकानात येऊन म्हणाल्या, "मुलांनी काहीतरी आनंदी काढावं अशी आमची अपेक्षा होती. जुनं उकरून कुणाचं भलं होतं?"

"उकरलं कुठे?" मी म्हणाले. "पुरलंय तुमच्या ट्रकखाली. अजून तिथेच आहे."

रॉय मात्र रोज बाहेर जाऊन त्या टोपीवाल्या माणसाकडे बघून यायचा.

पुढच्या आठवड्यात मी माल आणायला शहरात गेले आणि पोरं शाळेत असताना त्याने रोलर काढला. मी परतले तर फाटकावरच्या माणसावर आणि अर्ध्या पाण्यावर बिस्किटी रंग फासलेला. तेवढ्यात शाळा सुटून पोरंही आली. येसेनिया रॉयसमोर जाऊन उभी राहिली.

"मिस्टर डेटमर, तो माणूस का पुसलात?"

"भिंत माझी आहे."

"आम्ही तर त्याचा चेहरा अंदाजाने काढला होता. तुम्ही ओळखलात वाटतं."

रॉयचा चेहरा लालबुंद झाला. तो आत निघून गेला आणि मी त्याच्या मागे.

"डॅडनी फक्त सांगितलेलं काम केलं," तो म्हणाला.

"आणि आपल्याला काय सांगितलं? तलाव गळत होता."

"मेलेल्या माणसाला भिंतीवर लटकवायला निघालीस तू. स्वतःच्या बापाला."

"मेलेल्याला काही होत नाही, रॉय. तीया जिवंत आहे. तिने दुसऱ्यांदा तेच बघायचं? तेव्हा माती टाकली, आता तू रंग टाकतोयस."

"तुला या गावात राहायचंय ना?"

"राहणारच आहे. तू बघ तोंड कुठे लपवतोस ते."

मी आयुष्यात त्याच्याशी असं बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी वाटणी करायला वकिलाकडे गेले. पुढचं दुकान आणि दुकानाचं नाव रॉयला गेलं. मागचं कोठार आणि पूर्वेची भिंत मी घेतली. वकील म्हणाला, तोट्यात जाताय. मी म्हणाले, सही कुठे करू ते दाखवा. समितीने अंग काढून घेतलं. रॉयने बोलणं टाकलं. थँक्सगिव्हिंगला, घरच्यांनी एकत्र जेवायच्या सणाला, मी माझ्या कोठारात पोरांबरोबर त्यांच्याकडचे मक्याच्या पिठाचे तमाले खाल्ले.

वसंतात पोरांनी पुन्हा शिड्या लावल्या. वाटणीच्या वेळीच मी गल्ल्यामागचा डॅडचा फोटो उतरवून आणला होता. तो येसेनियाच्या हातात दिला.

"नक्की?" तिने विचारलं.

"अंदाजाने काढू नकोस आता. टोपी अशी मागे सरकवलेली, आणि चेहरा हसरा. हुबेहूब काढ."

"हसरा काढू?"

"हसतमुख होते ते. सगळं गाव सांगतं. मला राग त्या हसण्याचाच येतो."

तिने ते हसणं बरोबर उतरवलं. त्या दिवशी मी भिंतीसमोर फार वेळ थांबू शकले नाही.

डांबरावरची जागा सगळ्या गावाची आहे, तिथे कुणीही गाडी लावू शकतो. आता रॉय रोज सकाळी त्याचा उंच ट्रक बरोबर डॅडसमोर आणून लावतो, ते दिसू नयेत म्हणून. पहिल्या दिवशी पोरं ते बघून वैतागली. कुणी म्हणालं टायरमधली हवा सोडू या. येसेनियाने ट्रकला एक फेरी मारली, वर बघितलं आणि मला म्हणाली, "मिस व्हर्ना, मोठी शिडी आहे का? आणि काळा रंग."

ट्रकच्या टपापेक्षा उंच, पार छपरापर्यंत, तिने त्या वेळी तलावाच्या फाटकावर असलेली, तीयाला पाठ असलेली पाटी रंगवली. 'मेक्सिकनांना फक्त रविवारी संध्याकाळी.' हायवेवरूनही वाचता येते.